टी-शर्टची शिवण पुन्हा पुन्हा का उसवते?

टी-शर्टची उसवलेली शिवण सरळ टिपेने शिवली, की ती बहुधा त्याच जागी परत तुटते. दोष दोऱ्याचा नसतो. सरळ टिपेत वरचा आणि बॉबिनचा (मशीनच्या खालच्या छोट्या रिळाचा) दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात आणि शिवणीच्या रेषेत जवळजवळ ताठ राहतात. विणीचे कापड ताणले जाते, दोऱ्याला मात्र वाव उरत नाही.

झिगझॅगमध्ये, म्हणजे नागमोडी टिपेत, दोरा तिरका जातो. रुंदी ३ मिमी आणि लांबी १.५ मिमी ठेवली, तर दर १.५ मिमी कापडामागे वरचा दोरा सुमारे ३.४ मिमी पडतो. हाच जादा दोरा ताण झेलतो. दोन भाग जोडताना मात्र रुंदी १ मिमीच्या आत आणि लांबी २.५ मिमी ठेवावी, नाहीतर शिवण फाकते.

सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, हवी. खाली गेलेली सुई वर येऊ लागते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा इवलासा फास तयार होतो आणि बॉबिनभोवती फिरणारा हूक तो पकडतो. नेहमीच्या टोकदार सुईला लवचिक कापड अडकून तिच्यासोबत वर उचलले जाते. फास नीट बनत नाही आणि टाका गळतो.

सुती कापडाच्या कापलेल्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून झिगझॅगचा एक टाका कापडात, दुसरा कडेच्या अगदी बाहेर पडू द्यावा. पातळ कापडाची कड गुंडाळली गेली, तर वरचे टेन्शन (दोऱ्यावरचा ताण) कमी करावे किंवा ओव्हरकास्ट फूट (कड शिवण्याचा खास दाब-पाय) लावावा. त्याची मधली दांडी दोऱ्याला आवळू देत नाही. या फूटवर सरळ टीप मारू नये. सुई दांडीवर आपटून मोडते.

फाटलेल्या जागेला आतून पातळ कापडाचे ठिगळ लावावे, चारही बाजूंनी १ सेंमी जास्त. फाट मध्यभागी धरून तीन टाक्यांचा झिगझॅग मारावा: रुंदी ५ मिमी, लांबी १ मिमी. यात प्रत्येक तिरकी रेघ तीन छोट्या टाक्यांची असल्याने कापड चुणत नाही. जीर्ण कापडावर बारीक सरळ टिपा मारणे सर्वांत वाईट, कारण एका ओळीतल्या भोकांवरून ते नव्याने फाटते.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला, तर आधी बॉबिनला हात लावू नये. बहुतेकदा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा पुन्हा ओवावा. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात.