पेप्टाइडचं टोक झाकायचं की उघडं ठेवायचं?

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना 'चिलेटेड झिंक' काही नवं नाही. 'चिलेट' हा शब्द १९२० चा, खेकड्याच्या नांगीवरून आलेला: एकाच रेणूने धातूला दोन-तीन बाजूंनी पकडायचं. पेप्टाइडंही, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्याही, तेच करतात. बाययुरेट चाचणीत तांबं प्रथिनाला धरतं तेव्हा येणारा जांभळा रंग बी.एस्सी.ला सगळ्यांनीच पाहिलेला असतो. निकेल आणि जस्तापेक्षा तांब्याची पकड घट्ट, हेही १९५३ पर्यंत ठरून गेलं होतं.

धातू आणि प्रथिनांच्या या विषयाला जोर आला तो १९७५ नंतर. त्या वर्षी अबईच्या बियांमधल्या युरिएझ या युरिया फोडणाऱ्या एन्झाइममध्ये निकेल सापडलं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूचा जीव याच एन्झाइमवर टिकतो, त्यामुळे निकेल साठवणारी त्याची प्रथिनं शोधणं ओघानेच आलं. १९९५ मध्ये त्याचं एक विलक्षण प्रथिन (Hpn) हाती लागलं: ६० अमिनो आम्लं आणि त्यांत २८ हिस्टिडीन, म्हणजे धातू पकडणारं अमिनो आम्ल! एवढ्या गर्दीत धातू नेमका कुठे बसला हे कसं सांगणार? म्हणून त्याचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, बनवून धातूची पकड मोजायला सुरुवात झाली.

खरा गुंता इथे आहे. तुकडा प्रथिनाच्या मधला असेल तर तो तोडताना एक नवं अमिनो टोक तयार होतं. मूळ प्रथिनात ते नसतंच, पण तांबं नेमकं तिथेच जाऊन बसतं. म्हणून ते टोक अॅसिटिल हा छोटा गट लावून झाकण्याची रीत पडली. जळगावात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पेप्टाइड मागवणारा पोरगाही सवयीने झाकलेलंच मागवतो. पण तुकडा प्रथिनाच्या सुरुवातीचाच असेल तर? या प्रथिनाचा आरंभ मेथिओनीन-अॅलनीन-हिस्टिडीन-हिस्टिडीन असा आहे. पहिलं मेथिओनीन ठेवा किंवा काढा, तिसऱ्या जागी हिस्टिडीनच येतं. उघडं टोक, साखळीच्या पाठीचे दोन अमाइड (अमिनो आम्लांना जोडणारे दुवे) आणि हे हिस्टिडीन मिळून चार नायट्रोजनांची चौकट बनते, आणि तांबं-निकेल तिच्यात फिट्ट बसतात. टोक झाकलं की चौकटच मोडते. मग निकेल हिस्टिडीनांच्या इमिडाझोलवर (त्यांच्या बाजूच्या कड्यावर) कसंबसं टेकतं. अशा ठिकाणी झाकणं म्हणजे मला तरी चोराला सोडून साव पकडणं वाटतं. शिवाय झाकलेल्या आणि उघड्या तुकड्यांचे स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारे आकडे) एकाच तक्त्यात शेजारी छापले, की वाचणारा त्यांची सरळ तुलना करून मोकळा होतो.

अल्सरवर दिलं जाणारं बिस्मथ मात्र नायट्रोजनाच्या मागे फारसं लागत नाही. त्याला गंधक हवं, आणि याच प्रथिनाच्या उत्तरार्धात सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो आम्लाच्या दोन जोड्या आहेत.