बुटाचा तळ, कातड्याचा थर आणि साडीचा रंग

लग्नसराई आली की कपाटाच्या तळाशी खोक्यात जपून ठेवलेले बूट बाहेर निघतात. वरून चकचकीत, एक सुरकुती नाही. पायात घालून मांडवापर्यंत जावं, तर तळाचा भुगा होऊन गळायला लागतो. बूट जेमतेम दोन-तीन कार्यांत घातलेले असतात, त्यामुळे दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला अशी शंका येते. ती अगदीच चुकीची नाही, त्याकडे पुढे येऊ. पण तळ खाल्लेला असतो तो हवेतल्या ओलाव्याने.

हलक्या, मऊ तळांसाठी पॉलियुरेथेन (पीयू) हे प्लास्टिक फार वापरतात. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. यातल्या पॉलिएस्टर जातीत साखळीचे बरेचसे सांधे एस्टर बंधांचे असतात आणि पाण्याचा रेणू नेमका त्यांच्यावर घाव घालतो. बंध तुटला की एका टोकाला आम्ल तयार होतं, आणि हे आम्ल पुढचे बंध तुटण्याचा वेग वाढवतं. प्रक्रिया एकदा सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला पुढे रेटत राहते. त्यात उष्णता आणि दमटपणा एकत्र आले, की काम आणखी लवकर उरकतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा अशीच असते. म्हणून अशा तळाचं वय कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून मोजायचं, पहिल्यांदा पायात घातल्या दिवसापासून नाही.

आता ती शंका. खोक्यावरच्या एमआरपीच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. आपण किंमत वाचतो आणि तारीख सोडून देतो. मोठ्या सवलतीच्या सेलमध्ये पीयू तळाचा बूट घेताना ही तारीख जरूर बघा. गोदामात तीन-चार वर्षं काढलेल्या बुटाचं अर्धं आयुष्य कदाचित तिथेच संपलेलं असतं. वर्षातून दोनदाच घालायचे बूट हवे असतील तर मी सरळ रबराचा किंवा कातड्याचा तळ सुचवेन. पीयू रोजच्या वापराला चांगलं आहे. जपून ठेवायला नाही. आणि कुठलाही बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच कोंडतो.

रबराचं श्रेय चार्ल्स गुडइयरला जातं. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली गंधकाबरोबर तापवल्यावर ते टिकाऊ होतं हे त्याच्या लक्षात आलं. गंधकाचे अणू साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. महागड्या बुटांवर ‘गुडइयर वेल्ट’ असं लिहिलेलं दिसतं, ते नाव मात्र त्याच्या मुलाच्या यंत्रांवरून आलं. या पद्धतीत वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये कातड्याची एक पट्टी शिवतात, त्यामुळे तळ झिजल्यावर नवा बसवता येतो. केवळ चिकटवलेल्या बुटाला ही सोय सहसा नसते. कित्येक चिकटवलेल्या बुटांच्या कडेलाही शोभेचा टाका घातलेला असतो, म्हणून नुसता दोरा दिसला की भुलायचं नाही.

कातड्याकडे येऊ. दुकानात ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का दाखवला की बहुतेकांचं समाधान होतं. शिक्का खोटा असतो असं नाही, पण तो फार थोडं सांगतो. जनावराच्या कातड्यात वरच्या बाजूला कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू बारीक आणि दाट विणलेले असतात, खाली जावं तसे ते जाड आणि सैल होत जातात. जाड कातडं यंत्राने आडवं चिरून थर वेगळे करतात. वरचा थर मजबूत. खालच्या थरावर प्लास्टिकचा पातळ लेप देऊन त्यावर कातड्याची नक्षी छापली, तर तोही कातडंच असतो आणि शिक्क्याला पात्र ठरतो. फरक कळतो तो वर्षभराने, बोटांजवळच्या घडीवर लेप सोलपटायला लागतो तेव्हा. दुकानात ओळखायचं असेल तर बूट उजेडात धरून रंध्रं बघा. खऱ्या वरच्या थरावर ती अनियमित असतात, छापील नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा तीच येते. मग अंगठ्याने दाबा. चांगल्या कातड्यावर बारीक, नैसर्गिक सुरकुत्या उमटतात आणि विरतात. रेक्झिनवर एकतर काहीच उमटत नाही, नाहीतर एकच ठसठशीत मोड पडतो. शिवणीजवळ कापलेली कड उघडी दिसली तर आणखी सोपं: कातड्याची कड तंतुमय असते, रेक्झिनच्या कडेला खाली कापड दिसतं.

कातडं कमावणं म्हणजे काय, हे समजलं की त्याची निगाही समजते. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं आणि वाळलं तर लाकडासारखं ताठ होतं. कमावताना कोलॅजेनच्या तंतूंना असे पदार्थ जोडतात की जंतूंना ते खाता येऊ नयेत आणि तंतू एकमेकांना चिकटू नयेत. आज जगातलं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम झटपट होतं आणि माल मऊ निघतो. जुनी पद्धत वनस्पतींतल्या टॅनिन या तुरट द्रव्याची, तिला आठवडेच्या आठवडे लागतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं याच पद्धतीचं: बाभळीची साल आणि हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या आदिवासी कुटुंबांना हिरडा गोळा करून चार पैसे मिळतात, आणि कातडं कमावणं हा त्याचा एक जुना उपयोग. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अस्सल चपलेत खिळा नसतो, कातड्याच्याच वादीने शिवतात. हे कातडं घाम शोषतं आणि पायाचा आकार घेतं. म्हणूनच पहिले काही दिवस ती चावते आणि नंतर दुसऱ्या कुणाला नीट बसत नाही. पाण्याशी मात्र तिचं जमत नाही. पाणी तंतूंत शिरून ते फुगवतं, टॅनिन आणि तेल बाहेर काढतं, आणि नंतर चप्पल कडक होते. जून ते सप्टेंबर ती घरात राहू द्या. भिजलीच तर सावलीत वाळवून तेलाचा हात द्यावा, उन्हात किंवा हीटरसमोर कधी ठेवू नये.

माल उत्तम असला तरी माप चुकलं तर सगळं व्यर्थ, आणि मापाच्या बाबतीत आपल्यावर जुना अन्याय आहे. आपल्याकडचे आकडे बहुतेक इंग्लंडच्या पद्धतीचे. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या नंबरात हा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन्हींत मोजली जाते ती लांबी. रुंदीचा साधा उल्लेखही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे युरोपीय आणि अमेरिकी पावलापेक्षा रुंद आहे हे पुढे आलं. त्या आधारे ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. ती दुकानादुकानात रुळेपर्यंत आपण काय करतो? रुंदी पुरत नाही म्हणून एक नंबर मोठा बूट घेतो.

इथेच पायाचं नुकसान सुरू होतं. पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात आणि चालताना पाऊल बोटांच्या मुळाशी, चवड्यावर मुडपतं. बूटही तिथेच मुडपला पाहिजे. लांब बुटात ही जागा पुढे सरकते, टाच निसटते आणि बोटं बूट पकडून ठेवायला आत वळतात. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात पाय मोजण्याचं जे धातूचं साधन बनवलं, त्यात टाचेपासून बोटापर्यंतचं अंतर, टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर आणि रुंदी अशी तीन मापं घेता येतात. आपल्या दुकानांत ते क्वचितच दिसतं, पण कागद-पेन्सिल सगळ्यांकडे असते. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून-चालून पाय थोडे सुजलेले असताना, जाड कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेखा काढा. दोन पावलं सहसा सारखी नसतात, म्हणून मोठं धरा. आकृती कापून न्या आणि बुटात सरकवा. कागद कडेला दुमडला तर तो बूट तुमचा नाही. आतली गादी निघत असेल तर ती जमिनीवर ठेवून तिच्यावरच उभे राहा, पाऊल बाहेर सांडतंय का ते लगेच दिसतं. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. “घालून घालून सैल होईल” हे विक्रेत्याचं वाक्य रुंदीपुरतं आणि फक्त कातड्यापुरतं थोडंफार खरं आहे. लांबी कधीच वाढत नाही.

ज्यांना मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्यासाठी “आरामशीर वाटतंय ना?” हा प्रश्नच धोक्याचा ठरतो, कारण चावणारा बूट त्यांना चावल्याचं कळत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना हेच दाखवून दिलं होतं: जखमा होतात त्या दुखणं कळत नाही म्हणून. त्यांच्यासाठी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या) रबराच्या चपला वापरात आल्या, आणि मधुमेहींना डॉक्टर आज त्याच सुचवतात. इथे फॅशन दुय्यम आहे, आणि ती दुय्यमच राहू द्यावी.

रंगांचा प्रश्न पायाइतका गंभीर नाही, पण त्याने माणसांना दुखावलं मात्र पुष्कळ आहे. “सावळ्या रंगाला हे शोभत नाही” हे वाक्य आपल्या घरांत किती मुलींनी ऐकलं असेल! त्यामागचं विज्ञान बघायला पॅरिसला जावं लागेल. १८२४ साली मिशेल यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या गोबलँ या शाही विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख झाला. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार होती. त्याने तपासलं, रंग उत्तम होता. दोष शेजाऱ्याचा होता: निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा मलूल दिसत होता. शेजारशेजारचे रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला, आणि त्यात कपड्यांचा चेहऱ्याच्या वर्णावर होणारा परिणामही तपासला. हिरव्याशेजारी त्वचेतला तांबूसपणा वाढलेला दिसतो. गडद कापडाशेजारी त्वचा उजळ भासते, पांढऱ्याशेजारी अधिक गडद.

आता तो सल्ला पुन्हा वाचा. “शोभत नाही” याचा अर्थ बहुतेक वेळा “गोरी दिसत नाहीस” एवढाच असतो. गोरं दिसणं हे ध्येयच सोडून दिलं, तर सावळ्या त्वचेसमोर रंगांचा मोठा पट खुला होतो. गडद त्वचा आणि स्वच्छ, भरदार पिवळा किंवा मोतिया यांच्यातला उजेडाचा फरक मोठा असतो, आणि तो फरक डोळ्याला सुखावतो. मातकट, करडट छटा मात्र कुणाच्याही चेहऱ्यावरचं तेज घालवतात, असं माझं मत आहे.

मनगटाच्या शिरा निळ्या दिसल्या तर थंड छटा घाला, हिरव्या दिसल्या तर उबदार, असा एक सल्ला हल्ली फार फिरतो. शिरेतलं रक्त निळंही नसतं, हिरवंही नसतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार शिरेवरच्या त्वचेतूनही निळ्यापेक्षा लाल प्रकाश जास्त परत येतो. फक्त आजूबाजूच्या त्वचेपेक्षा तिथे लाल कमी असतो, म्हणून मेंदू तिला निळी ठरवतो. शिरेची खोली आणि जाडी यांवर तिचा दिसणारा रंग बदलतो. शेव्रलचाच नियम इथे मनगटावर चालतो आहे, आणि साडीचा रंग ठरवायला तो आधार पुरेसा नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना चेहऱ्यांसाठी कपड्यांचे रंग निवडायला सांगितले, तेव्हा फिक्या त्वचेला निळे आणि उन्हाने रापलेल्या त्वचेला तांबडे-नारिंगी रंग निवडले गेले. पण ते सगळे चेहरे गौरवर्णी स्त्रियांचे होते. आपल्याकडच्या वर्णांना तो निष्कर्ष तसाच लावता येणार नाही.

त्यापेक्षा घरी करता येणारी परीक्षा भरवशाची. दिवसा खिडकीसमोर बसा, दिवे बंद ठेवा, कापड हनुवटीखाली धरा आणि नजर कापडावर न ठेवता चेहऱ्यावर ठेवा. लगेच दुसरं कापड धरा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांचा रंग, हनुवटीखाली पडणारी रंगीत झाक यांत काय बदललं ते बघा. झाक खरीच असते, रेशमासारखं चमकदार कापड आपला रंग चेहऱ्यावर परावर्तित करतं. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. कॅमेरा रंगांचा तोल स्वतःच्या हिशेबाने बदलतो.

दिवे बंद ठेवायचे ते यासाठी, की साध्या एलईडीत निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरची (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या लेपाची) भर घालून पांढरा उजेड तयार केलेला असतो, आणि त्यात गडद लाल प्रकाश कमी पडतो. कुंकवाचा लाल, डाळिंबी, मरून हे रंग त्यात हटकून मंद दिसतात. मॅचिंग सेंटरमध्ये साडीला तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस बाहेर आल्यावर वेगळाच दिसतो, त्याचं कारणही इथेच आहे. साडी रेशमी, ब्लाउज सुती किंवा पॉलिएस्टर, म्हणजे दोघांचे रंगद्रव्य वेगळे. एका उजेडात ते डोळ्याला सारखेच भासतात, उजेडाची घडण बदलली की वेगळे होतात. जुने दुकानदार साडी उचलून दारात उन्हात धरून दाखवतात, ते अगदी योग्य करतात. फक्त कार्य रात्रीचं असेल तर आणखी एक गोष्ट करा: तोच जोड पिवळसर दिव्याखालीही बघा, कारण हॉलमध्ये बहुधा तेच दिवे असतात आणि त्या उजेडात निळे-जांभळे रंग दबून जातात.