टॉमकॅट कमांड लाइनवरून इन्स्टॉल करणं

अपाचे टॉमकॅट म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. तो लिनक्सच्या मशिनवर बसवायचा म्हटलं की बहुतेक वेळा समोर फक्त टर्मिनल असतं, एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या मशिनवर लॉगिन करायची सोय) आत शिरायचं आणि कमांड टाइप करायच्या, माउस नाही, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश असलं काही नाही. काटेकोर बोलायचं तर टॉमकॅट हा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नाहीच, तो सर्व्हलेट कंटेनर आहे, म्हणजे सर्व्हलेट (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा कोड), जेएसपी (आत जावा लिहिलेलं वेब पान), वेबसॉकेट (ब्राउझरशी उघडं राहणारं कनेक्शन) एवढं तो करतो, पण ईजेबी (मोठ्या ॲप्ससाठीचे जावाचे सर्व्हरवरचे घटक) किंवा मेसेजिंग त्याच्यात येत नाही (ते हवं असेल तर अपाचेचाच टॉमई आहे, किंवा वाइल्डफ्लाय). तरी ऑफिसात सगळे त्याला ॲप सर्व्हरच म्हणतात आणि इथेही तसंच म्हटलंय.

कमांडने बसवण्यात अवघड असं फारसं नाही, फाइल उतरवून उघडली की टॉमकॅट चालू होतोच, पाच मिनिटांचं काम. पण चालू होणं वेगळं आणि बसवणं वेगळं. बसवणं म्हणजे काही गोष्टी ठरवणं: कुठल्या युजरच्या नावाने चालणार, कुठला जावा वापरणार, आपल्या फाइली कुठे राहणार, कुठल्या पोर्टवर ऐकणार, आणि मशिन रीस्टार्ट झाली की त्याला उठवणार कोण. ग्राफिकल इन्स्टॉलर यातलं बरंचसं आपल्या नकळत ठरवून टाकतो, कमांड लाइनवर ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि ते न ठरवता पुढे गेलं की सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता ठरवावं लागतं.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. जेम्स डंकन डेव्हिडसन सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना त्याने सर्व्हलेटच्या स्पेसिफिकेशनचा नमुना म्हणून हा सर्व्हर लिहायला घेतला, नंतर सनने तो कोड अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिला आणि १९९९ मध्ये ३.० ही अपाचेची पहिली आवृत्ती आली. (बिल्ड करायचं ॲन्ट हे टूल पण डेव्हिडसनचंच.) आतल्या भागांची नावं माहीत असलेली बरी, कारण ती लॉगमध्ये सतत भेटतात: सर्व्हलेट चालवणारा मुख्य भाग कॅटालिना, बाहेरच्या एचटीटीपी रिक्वेस्ट घेणारा कोयोटे, आणि जेएसपीचं जावात रूपांतर करणारा जॅस्पर. नवीन माणूस टॉमकॅटचा लॉग शोधत बसतो आणि फाइलचं नाव असतं कॅटालिना डॉट आउट, तेव्हा गोंधळ होतो तो यामुळेच.

आता जावा. टॉमकॅट स्वतः जावातच असल्यामुळे आधी जावा मशिनवर पाहिजे आणि तोही बरोबर आवृत्तीचा. टॉमकॅट ९ ला जावा ८ किंवा पुढचा चालतो, १०.१ ला किमान ११ लागतो, आणि २०२४ मध्ये आलेल्या टॉमकॅट ११ ला किमान १७. ‘जावा मायनस व्हर्जन’ टाकून आधी बघायचं. एकाच मशिनवर दोन तीन जावा असणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे टर्मिनलवर १७ दिसला म्हणजे टॉमकॅट पण १७ च घेईल असं नाही, तो जावा होम किंवा जेआरई होम या व्हेरिएबलमध्ये जे लिहिलंय ते घेतो. हे व्हेरिएबल कुठे लिहायचं, तर बिन फोल्डरात सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाइल आपण स्वतः बनवायची आणि मेमरीचे आकडे वगैरे पण तिच्यातच टाकायचे. ही फाइल डाउनलोडमध्ये येत नाही म्हणून लोक थेट कॅटालिना डॉट एसएच मध्येच बदल करून ठेवतात आणि पुढचं अपडेट आलं की ते बदल पुसले जातात. मूळ स्क्रिप्टला हात लावू नये.

आवृत्ती निवडताना अजून एक मोठी अडचण आहे आणि ती पॅकेजच्या नावांची आहे. जावा ईई (मोठ्या सर्व्हर ॲप्ससाठीची जावाची स्पेसिफिकेशन्स) हे ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, नाव झालं जकार्ता ईई, आणि त्यापाठोपाठ कोडमधली जावाएक्स ने सुरू होणारी नावं बदलून जकार्ता ने सुरू व्हायला लागली. टॉमकॅट ९ जुन्या नावांवर आहे, १० पासून पुढे नवीन. म्हणजे जुनी वॉर फाइल (अख्खं वेब ॲप एकत्र बांधलेलं पॅकेज) टॉमकॅट १० मध्ये टाकली की बऱ्याचदा असं होतं की सर्व्हर नीट चालू होतो, वॉर उलगडते, लॉगमध्ये ठळक असं काही दिसत नाही, आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०४ (पान सापडलं नाही). माणूस पोर्ट, फायरवॉल, परमिशन सगळं तपासत बसतो आणि दोष असतो आवृत्तीचा. यावर टॉमकॅट १० मध्ये सोय आहे, वेबॲप्स च्या शेजारी वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर बनवून जुनी वॉर त्यात ठेवली की तो स्वतः तिचं रूपांतर करून घेतो. साध्या ॲप्सना हे पुरतं. पण जुनं ॲप आहे आणि कोड बदलायचा नाहीये तर सरळ ९ घ्यावा हे जास्त शहाणपणाचं.

बसवायचे रस्ते दोन. पहिला डिस्ट्रोच्या (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकाराच्या) पॅकेजचा, म्हणजे डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ वर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टॉमकॅट१०’. एका ओळीत काम होतं, युजर बनतो, सर्व्हिस बनते, सिक्युरिटीचे अपडेट डिस्ट्रोकडून येत राहतात. फक्त फाइली विखुरतात: प्रोग्राम /यूएसआर/शेअर खाली, आपलं ॲप /व्हार/लिब खाली, कॉन्फिग /ईटीसी खाली, लॉग /व्हार/लॉग खाली. आणि एक गोष्ट जिच्यावर लोकांचे तास जातात, डेबियनच्या सर्व्हिस फाइलमध्ये सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) कुंपणं घातलेली असतात, त्यामुळे ॲप कुठल्या तरी वेगळ्याच फोल्डरात फाइल लिहायला गेलं तर परमिशन सगळी ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) असूनसुद्धा लिहिता येत नाही. तिथे सीएचमॉड (परमिशन बदलायची कमांड) उपयोगाचं नाही, सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये ‘रीडराइटपाथ्स’ ची ओळ घालून ते फोल्डर मोकळं करावं लागतं.

दुसरा रस्ता अपाचेच्या साइटवरून टार डॉट जीझेड (सगळ्या फाइली एकत्र बांधून दाबलेली फाइल) उतरवायची. हवी तीच आवृत्ती मिळते म्हणून प्रोजेक्टवाले बहुतेक हाच घेतात. ‘डब्ल्यूगेट’ किंवा ‘कर्ल’ ने उतरवायची, सोबतची एसएचए५१२ ची फाइल (मूळ फाइलचा ठसा) घेऊन पडताळायची (हे कृपया टाळू नका, दहा सेकंद लागतात), आणि मग टारने उघडायची. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी एक: मुख्य डाउनलोड सर्व्हरवर फक्त चालू आवृत्ती ठेवतात, नवीन आली की आधीची तिथून जाते आणि अर्काइव्हमध्ये राहते, त्यामुळे वर्षभर नीट चाललेली इन्स्टॉल स्क्रिप्ट एक दिवस अचानक फाइल सापडत नाही म्हणते.

उघडण्याआधी युजर. टॉमकॅट रूट (मशिनवर सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवायचा नाही, कधीच नाही, कारण ॲपमध्ये एक भोक सापडलं की समोरच्याला अख्खी मशिन मिळते. ‘युजरॲड’ ने टॉमकॅट नावाचा सिस्टिम युजर करायचा, लॉगिन शेल नोलॉगिन ठेवायचं. मग /ऑप्ट खाली आवृत्तीच्या नावाचं फोल्डर करून त्यात टार उघडायची आणि त्या फोल्डराकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक ‘करंट’ नावाने करायची. आत बिन, कॉन्फ, लिब, लॉग्स, टेम्प, वेबॲप्स, वर्क अशी फोल्डरं दिसतात. टॉमकॅट युजरला लिहायची परवानगी लॉग्स, टेम्प, वर्क यांनाच लागते (आणि वॉर आपोआप उलगडायची असेल तर वेबॲप्सला), बाकी सगळं रूटच्या मालकीचं आणि टॉमकॅटला फक्त वाचायला. सगळ्यावर एकदम ‘सीएचओन मायनस आर’ (मालकी बदलायची कमांड) मारतात लोक, चालतं, पण मग ॲपमधून घुसलेला माणूस सर्व्हरचं कॉन्फिग पण बदलू शकतो.

याहून चांगली पद्धत टॉमकॅटमध्येच आहे आणि खूप कमी लोक वापरतात. कॅटालिना होम आणि कॅटालिना बेस अशी दोन व्हेरिएबल आहेत, होम म्हणजे उतरवलेला प्रोग्राम, बेस म्हणजे आपलं कॉन्फिग, आपली वॉर, आपले लॉग. दोन्ही वेगळी ठेवली की अपग्रेड म्हणजे नवीन टार शेजारी उघडायची, सिमलिंक तिच्याकडे वळवायची, रीस्टार्ट. बिघडलं तर सिमलिंक परत मागे. एकाच होमवर दोन चार बेस पण चालतात, फक्त पोर्ट वेगवेगळे द्यायचे. वर सांगितलेली सेटएन्व्ह पण बेसच्या बिनमध्ये ठेवता येते.

आता उठवणार कोण. स्टार्टअप डॉट एसएच हाताने चालवून सोडून दिलं तर मशिन रीबूट झाली की सगळं बंद, म्हणून सिस्टिमडीची सर्व्हिस फाइल लिहायची. तिच्यात युजर, ग्रुप, जावा होम, होम, बेस आणि सुरू करायची कमांड. जुन्या गाइडमध्ये टाइप ‘फोर्किंग’ आणि स्टार्टअप डॉट एसएच दिलेलं असतं, पण साधं म्हणजे ‘कॅटालिना डॉट एसएच रन’, तो पार्श्वभूमीत न जाता पुढेच चालत राहतो आणि सिस्टिमडीला त्याच्यावर नीट लक्ष ठेवता येतं. फक्त लक्षात ठेवायचं की रन वापरलं की कॅटालिना डॉट आउट बनत नाही, ते आउटपुट ‘जर्नलसीटीएल’ मध्ये जातं. थांबवल्यावर सर्व्हिस फेल्ड दिसायला लागली तर घाबरायचं नाही, टर्म सिग्नलने थांबलेला जावा १४३ कोड देतो (१२८ अधिक १५), ‘सक्सेसएक्झिटस्टेटस’ मध्ये १४३ लिहिलं की झालं. मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’, आणि ‘एनेबल’ सोबत ‘नाऊ’. त्याआधी ‘कॅटालिना डॉट एसएच कॉन्फिगटेस्ट’ चालवून बघावं, एक्सएमएल मधला न मिटलेला टॅग तिथेच सापडतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. हाताने चालवलेल्या टॉमकॅटमध्ये मराठी नावं नीट दिसतात आणि सर्व्हिस म्हणून चालवल्यावर लॉगमध्ये, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये प्रश्नचिन्हांची रांग, असं होतं, आणि दोष डेटाबेसवर जातो. खरं कारण असं की जावा १७ पर्यंत डीफॉल्ट एन्कोडिंग मशिनच्या लोकेलवरून (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) ठरतं, आपल्या टर्मिनलमध्ये लोकेल यूटीएफ-८ चं असतं पण सर्व्हिसला ते मिळेलच असं नाही. जावा १८ पासून डीफॉल्टच यूटीएफ-८ झालं. त्याआधीच्या जावावर सेटएन्व्हमध्ये ‘फाइल डॉट एन्कोडिंग’ यूटीएफ-८ द्यायचं. दुसरी जागा यूआरएल: टॉमकॅट ७ पर्यंत यूआरएलमधली अक्षरं आयएसओ-८८५९-१ धरून वाचली जायची, त्यामुळे सर्चमध्ये ‘सांगली’ टाइप केलं की सर्व्हरला भलतंच काही पोचायचं, ८ पासून इथेही यूटीएफ-८ डीफॉल्ट आहे. जुना सर्व्हर अजून कुठे चालू असेल तर सर्व्हर डॉट एक्सएमएल मधल्या कनेक्टरला (पोर्टवर रिक्वेस्ट घेणारा भाग) ‘यूआरआयएन्कोडिंग’ द्यावं लागतं. तसंच वेळेचं, सर्व्हर यूटीसीवर असेल तर नोंदींच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात, तिथे ‘युजर डॉट टाइमझोन’ ला एशिया/कोलकाता द्यायचं.

पोर्ट. एचटीटीपी ८०८० वर, बंद करायचा आदेश ऐकणारा ८००५ वर (तो फक्त त्याच मशिनवरून ऐकतो, आणि ‘शटडाउन’ हा शब्द मिळाला की सर्व्हर थांबतो, सिस्टिमडी असेल तर त्याला उणे १ देऊन बंदच करावा), आणि एजेपी (पुढच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायचा प्रोटोकॉल) ८००९ वर. हा एजेपी आधी डीफॉल्टने चालू असायचा आणि सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा, २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची त्रुटी बाहेर आली की या पोर्टवरून ॲपच्या आतल्या फाइली वाचता येतात, तेव्हापासून, म्हणजे ९.०.३१ पासून, तो कॉन्फिगमध्ये कॉमेंट करून ठेवलेला येतो. जुन्या मशिनवर ‘एसएस मायनस एलटीएनपी’ टाकून ८००९ दिसतोय का ते आजच बघा.

८०८० चा ८० करायचा मोह होतो पण लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत, आणि त्यासाठी टॉमकॅट रूटने चालवणं हे चूक उत्तर. पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) ठेवायचा, ८० आणि ४४३ त्याच्याकडे, सर्टिफिकेट पण त्याच्याकडे, आणि आत ८०८० ला पाठवायचं. रेड हॅटच्या घराण्यातल्या मशिनवर हे करताना ५०२ (मागच्या सर्व्हरकडून उत्तर नाही) आला तर बहुतेक एसईलिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा) अडवत असतो, ‘सेटएसईबूल’ ने ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करायचं, एसईलिनक्सच बंद करून टाकायचं नाही. आणि एनजिनएक्स पुढे असेल तर ८०८० फायरवॉलमध्ये उघडायची गरजच नाही, कनेक्टरला १२७.०.०.१ वर बांधून टाकायचं.

सगळं चालू झालं की वेबॲप्स मधून एक्झाम्पल्स आणि डॉक्स काढून टाकायचे. मॅनेजर ॲप (ब्राउझरमधून ॲप्स चढवायचं, काढायचं पान) लागत नसेल तर तेही. लागत असेल तर टॉमकॅट-युजर्स डॉट एक्सएमएल मध्ये मॅनेजर-जीयूआय हा रोल द्यावा लागतो, पासवर्ड डीफॉल्ट कुठलाच नसतो, आणि तो बाहेरच्या मशिनवरून उघडत नाही कारण त्याच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये फक्त लोकलहोस्टला परवानगी असते. ती ओळ उडवून टाकायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो. त्यापेक्षा एसएसएचचा टनेल करून उघडावा, तेवढ्यासाठी जगाला दार उघडं ठेवायची गरज नाही.

दुसऱ्या सर्व्हरांची पद्धत थोडी वेगळी. वाइल्डफ्लाय (आधीचं जेबॉस एएस, ८ व्या आवृत्तीपासून हे नाव) पण उघडूनच बसवतात, पण तिथे ॲड-युजर डॉट एसएच ने ॲडमिन करावा लागतो आणि पुढचं सगळं जेबॉस-सीएलआय मधून, ॲडमिनचा पोर्ट ९९९०. ग्लासफिशला ‘एएसॲडमिन स्टार्ट-डोमेन’, पोर्ट ४८४८. वेबलॉजिकचा इन्स्टॉलर मुळात खिडक्यांचा आहे, कमांड लाइनवर त्याला ‘सायलेंट’ मोड आणि उत्तरं आधीच लिहिलेली रिस्पॉन्स फाइल द्यावी लागते. आणि डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं टूल) टॉमकॅटची अधिकृत इमेज घेतली तर कंटेनर चालू झाल्यावर मुख्य पानावर ४०४ येतो, तो बिघाड नाही, त्यांनी नमुन्याची ॲप्स वेबॲप्स डॉट डिस्ट मध्ये हलवून ठेवलीत आणि वेबॲप्स रिकामं सोडलंय, आपली वॉर तिथे ठेवायची.