चिमणीतलं किटण

सोमवारी हॉटेल बंद असतं, पण भटारखान्यातली मोरी दुपारपर्यंत वाहत असते. चिमणीचे फिल्टर उतरवलेले, आणि पत्र्याच्या पेटीतून काढलेला एक खण जमिनीवर ठेवलेला. खणात ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये बोटही जाणार नाही एवढी फट. पट्ट्यांवर मधाच्या रंगाचं किटण. नखाने खरवडलं तर वरचा थर ओशट, खालचा वार्निशसारखा टणक.

हे किटण तेलापासूनच झालेलं, पण आता ते तेल राहिलेलं नाही. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जखडतात आणि त्यांचं जाळं बनतं. बिडाचा तवा वापरून वापरून काळाभोर, गुळगुळीत होतो, त्यामागेही हीच क्रिया. तव्यावर हवीशी, चिमणीत डोकेदुखी.

हूडमधले, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रातले, बॅफल फिल्टर म्हणजे नागमोडी वाट. हवा वळते, तेलाच्या मोठ्या थेंबाला वळता येत नाही. तो पत्र्यावर आदळतो आणि खालच्या पन्हळीत ओघळतो. धुराचे कण मात्र बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान (केसाची जाडी 70 मायक्रॉनच्या आसपास), ते हवेबरोबर निवांत वळतात. त्यांच्यासाठी ही पेटी, म्हणजे ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, विजेच्या भाराने कण पकडणारं यंत्र). कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे आपण सगळ्यांनीच उचललेत. इथे तो खेळ साधारण 12 हजार व्होल्टवर चालतो. बारीक तारांभोवतीची हवा विद्युतभारित होते, तिथून जाणारा कण भार घेतो आणि पुढच्या पट्टीला जाऊन चिकटतो. अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी 1908 मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळवलं; त्यांचे प्रयोग गंधकाम्लाच्या धुक्यावर होते.

आता पकडलेलं किटण कुठे जाणार? थोडं ओघळतं, बाकीचं पट्टीवरच बसतं. म्हणजे पेटी जितकी चोख, तितकी लवकर तुंबणार. थर वाढला की फटीत चटचट ठिणग्या उडतात. पट्ट्यांना पेलणाऱ्या चिनीमातीच्या टेकूंवर जळकी रेघ उमटली की वीज तिथूनच निसटते, विजेचा दाब घसरतो आणि धूर सरळ डक्टमध्ये, म्हणजे तो बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यात.

डक्टचा हिशेब करून पाहा. अर्धा मीटर रुंद, तेवढाच उंच आणि 10 मीटर लांब डक्ट घेतला तर आतला पत्रा भरतो 20 चौरस मीटर. त्यावर 2 मिलिमीटर थर म्हणजे 40 लिटर किटण: 15 किलोच्या तेलाच्या डब्यांत मोजलं तर दोन डबे भरून वर. आणि खाली भट्टी! अमेरिकेतल्या एनएफपीए 96 या, भटारखान्यातल्या आगीपासून बचावाच्या मानकात 2 मिलिमीटर ही डक्ट धुण्याची वेळ झाल्याची खूण आहे. धुतल्यावर 50 मायक्रॉनपेक्षा जास्त उरू नये. त्याच डक्टमध्ये तेवढ्या थराचं एक लिटरच भरतं. कोळसा-लाकडाच्या भट्टीवरचा डक्ट महिन्याला तपासायचा, चोवीस तास चालणाऱ्या भटारखान्यातला तीन महिन्यांनी.

धुण्यात खरी मेख आहे ती रसायनाची. अल्कली तेलाचा साबण करते, म्हणून कॉस्टिक सोडा ओतायचा मोह होतो. पण तो ॲल्युमिनियमही खातो, वर पेट घेणारा हायड्रोजन सोडतो. सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. स्टीलच्या फिल्टरला चालतं ते पट्ट्यांना नाही: त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमला चालणारं सौम्य द्रावण, गरम पाणी आणि भिजायला भरपूर वेळ. घासायची घाई केली की तार तुटते, पट्टी वाकते, आणि वाकलेल्या जागी फट कमी होऊन ठिणगी तिथेच पडते. मुख्य स्विच बंद करून कुलूप आधी, खण काढणं नंतर. बसवताना पट्ट्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओलसर राहिल्या की पहिल्याच मिनिटाला ट्रिप.

बहुतेक मालक किटण पाहून वैतागतात. मी उलट बघतो. महिनाभर भजी तळूनही पट्ट्या लख्ख निघाल्या, तर आधी तार तपासायची आणि मग वीजपुरवठा. ब्लोअर फिरत असतो, हिरवा दिवाही कधीकधी लागलेला असतो, आणि सगळं तेल गच्चीपर्यंत पोचलेलं असतं.