कपाचं तोंड गोल का येतं?

टेबलावर एक कप ठेवा आणि जरा तिरकं बघत त्याचं चित्र काढा. बहुतेक नवशिक्यांच्या चित्रात कपाचं तोंड दिसतं त्यापेक्षा जास्त गोल येतं, म्हणजे चपटा लंबगोल हवा तिथे फुगलेला. मग आपण म्हणतो की अजून हात बसलेला नाही, आणि वहीच्या वही भरत सुटतो. पण यात हाताचा दोष फार थोडा असतो.

1931 साली रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने लोकांना तिरकी ठेवलेली गोल चकती दाखवली आणि दिसतो तसाच आकार दाखवायला सांगितला, तर लोकांचं उत्तर खऱ्या लंबगोलापेक्षा गोलाकडे झुकलेलं निघालं. चकती गोल आहे हे मेंदूला माहीत असतं ना, म्हणून तो डोळ्यांना परस्पर दुरुस्त करतो. एरवी हे सोयीचंच आहे, दार उघडताना त्याचा आकार डोळ्यात सारखा बदलत असतो तरी आपल्याला ते दारच दिसतं, पण हातात पेन्सिल आली की हीच सोय आडवी येते. 1997 मध्ये कोहेन आणि बेनेट या संशोधकांनीही चित्र चुकण्याचं मोठं कारण वस्तू नीट न दिसणं हेच असल्याचं म्हटलं.

मग प्रॅक्टिस कशाची करायची? तर बघण्याची. कोहेनच्याच 2005 च्या अभ्यासात जे लोक समोरच्या गोष्टीकडे वारंवार नजर टाकत होते त्यांची चित्रं जास्त अचूक आली. एकदा टक लावून बघायचं आणि मग पाच मिनिटं मान खाली घालून काढत बसायचं, हे आपण सगळेच करतो (मी तर वर्षानुवर्षं केलंय), आणि त्या पाच मिनिटांत आपण कप नाही, आठवणीतला कप काढत असतो. त्यामुळे एक छोटी रेघ, एक नजर. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने कपाच्या तोंडाची रुंदी आणि उंची मोजा, जुनाच उपाय आहे पण मेंदूला इथे वाद घालता येत नाही.

फोटो उलटा ठेवून काढा, उजवा मेंदू जागा होतो, हा सल्ला सगळीकडे मिळतो. 2010 मध्ये याचीही तपासणी झाली आणि उलटं ठेवल्याने अचूकता वाढलेली दिसली नाही. मजा म्हणून करा, हरकत नाही.

माझा भर तपासण्यावर आहे. आपण खरंच काय पाहिलं ते कळावं म्हणून, ज्यावरून काढतोय तो फोटो नीट बघून झाकायचा आणि मुद्दाम आठवणीने काढायचं, मग त्याच मापाच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून खऱ्या रेषा उतरवायच्या आणि तो कागद आपल्या चित्रावर ठेवायचा. चूक कुठे आणि किती, ते तिथल्या तिथे दिसतं. दुसऱ्या दिवशी तोच कप, पण जरा वरून बघून.