जागतिक संस्कृतींवर आधारित बालकलाशिक्षण

जगातील एखाद्या समाजाची कला निवडून ती कोण, कुठे आणि कशासाठी करतात हे मुलांना समजावून द्यायचे आणि तिच्या तंत्राच्या आधारे त्यांच्याकडून स्वतःची कलाकृती करवून घ्यायची, अशी ही अध्यापनपद्धती आहे. प्रकल्प सहसा एका तासिकेत संपत नाही. पाहणे, ऐकणे, हात बसवणे आणि मग घडवणे असा तो पुढे सरकतो.

मुलांनी मोठ्यांची चित्रे गिरवत बसू नये, स्वतःच्या कल्पनेने काढावे, हा विचार रुजवणाऱ्यांत ऑस्ट्रियन कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांचे स्थान मोठे आहे. त्यांनी १८९७ मध्ये व्हिएन्ना येथे मुलांचा कलावर्ग सुरू केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमाने सांस्कृतिक व कलाजीवनात भाग घेण्याचा मुलांचा हक्क मान्य केला.

या पद्धतीचे मर्म पनामातील गुना या आदिवासी समाजाच्या स्त्रियांच्या ‘मोला’ या वस्त्रकलेत चांगले दिसते. वेगवेगळ्या रंगांची कापडे एकावर एक ठेवून वरचे कापड कापतात, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवतात आणि खालचा रंग उघडा करतात. पूर्वी अंगावर रंगवल्या जाणाऱ्या आकृत्या पुढे अशा कापडावर आल्या आणि पोलक्याच्या पाठपोटावर बसल्या. वर्गात हेच काम तीन रंगांच्या कागदांवर होते. वरच्या कागदात पक्ष्याच्या आकाराची खिडकी कापायची, मधल्या कागदात तीच खिडकी अर्धा सेंटीमीटर आतून, आणि तळाचा कागद अखंड ठेवायचा. तिन्ही एकावर एक बसवले की पक्ष्याभोवती रंगाची बारीक कड उमटते. पेन्सिल न टेकवता आलेली ही रेघ पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. गुना लोकांनी १९२५ मध्ये पनामाच्या सरकारविरुद्ध उठाव केला. स्त्रियांचा पारंपरिक पोशाख बंद पाडण्याचे प्रयत्न हे त्यामागचे एक कारण होते. एवढे कळले तरी मुलांच्या हातातल्या कात्रीला वजन येते.

घानामधील ‘आदिंक्रा’ कापडावर भोपळ्याच्या कवचातून कोरलेल्या ठशांनी झाडाच्या सालीचा काळा रंग उमटवतात. प्रत्येक खुणेला अर्थ असतो. मान मागे वळवलेला ‘सांकोफा’ पक्षी सांगतो : मागे जा आणि राहिलेले घेऊन ये. वर्गात भोपळ्याची जागा बटाटा किंवा फोम घेतो. मुलांना तयार खुणांची नक्कल करू द्यावी ती सरावापुरतीच. त्यानंतर आपल्या मनातल्या एका गोष्टीसाठी नवी खूण शोधायला सांगावे; खरा प्रकल्प तिथे सुरू होतो. जपानी ‘ग्योताकू’मध्ये माशाला शाई लावून कागदावर त्याचा ठसा घेतात आणि डोळा मागाहून कुंचल्याने काढतात. लहान मुलांना हे तंत्र सर्वांत लवकर जमते.

प्रत्येक कला मात्र वर्गात करून पाहण्यासारखी नसते. विधींतले मुखवटे, कुळाची चिन्हे कोरलेले स्तंभ यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करवून घेणे टाळावे. आदिवासी समाजांचा आपल्या सांस्कृतिक वारशावरील हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मान्य झाला आहे, आणि योगायोगाने तेही ३१वेच कलम आहे. ऑस्ट्रेलियातील पापुन्या या आदिवासी वस्तीत १९७१ मध्ये शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. ठिपक्यांनी भरलेल्या तिथल्या वाळवंटी चित्रांत कोणती कथा कोणी रंगवायची याचे अधिकार ठरलेले असतात. म्हणून काडीने ठिपके देऊन ‘तसे’ चित्र काढायला लावणे चुकीचे आहे. मूळ चित्र चित्रकाराच्या नावासह दाखवावे आणि त्यातून एकच गोष्ट घ्यावी, ती म्हणजे जमिनीकडे वरून पाहण्याची दृष्टी. मग प्रत्येक मुलाने घरापासून शाळेपर्यंतचा आपला रस्ता वरून पाहिल्यासारखा, स्वतः ठरवलेल्या खुणांनी काढावा : पाणी साचते ती जागा, कुत्रा भुंकतो ते वळण, मैत्रिणीचे दार.