दोन उद्गारचिन्हं: बुद्धिबळातली चाल असामान्य कधी ठरते?

ऑनलाइन डाव संपला की विश्लेषण उघडतं, आणि नशीब चांगलं असेल तर एखाद्या चालीशेजारी निळसर गोलात दोन उद्गारचिन्हं दिसतात. चेस डॉट कॉमवर हा 'ब्रिलियंट'चा शिक्का मिळवायचा तर त्या चालीत एखाद्या मोहऱ्याचा योग्य बळी असावा लागतो. चाल खेळल्यावर आपली स्थिती वाईट नको, आणि ती न सापडताही डाव सहज खिशात होता असंही नको. नवख्या खेळाडूंना यात थोडी सवलत मिळते. नियम संगणकाला समजावा म्हणून असा आखला असेल, पण मोहरा दिला म्हणजे चाल थोर, ही समजूत संगणकापेक्षा फार जुनी आहे.

ती किती जुनी, याची कल्पना दिलारामच्या कोड्यावरून येते. दहाव्या शतकात बगदादमध्ये गाजलेल्या अस-सुली या खेळाडूच्या नावाशी हे शतरंजचं कोडं जोडलं जातं. आख्यायिका अशी की सर्वस्व हरलेल्या एकाने शेवटी पत्नी दिलाराम हिलाच पणाला लावलं. तोही डाव जाणार असं दिसताच ती पडद्याआडून म्हणाली, "दोन्ही रुख द्या, पण दिलाराम देऊ नका." रुख म्हणजे आपला हत्ती, पटावरचा तेव्हाचा सर्वांत बलवान मोहरा. दोन्ही हत्ती गेले आणि उरलेल्या किरकोळ मोहऱ्यांनी मात झाली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कोड्यातलं सौंदर्य खरं आहे: जे जपायचं तेच सोडायचं.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय कॉफीगृहांनी हे सौंदर्य डोक्यावर घेतलं. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये ॲडॉल्फ ॲन्डरसन आणि लिओनेल किझेरित्स्की एक हलकाफुलका डाव खेळले. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा तेव्हा त्याच शहरात सुरू होती, पण हा डाव तिच्यातला नव्हता. ॲन्डरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला आणि उरलेल्या उंट-घोड्यांनी मात केली. हरलेल्या किझेरित्स्कीनेच तो डाव आपल्या मासिकात छापला. मला त्या काळातली ही दिलदारी फार मोठी वाटते. पुढे १८५५ मध्ये अर्न्स्ट फाल्कबेअरने त्याला 'अमर डाव' म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

पण हा डाव तपासायला बसलं की अडचण येते. नंतरच्या विश्लेषकांनी दाखवून दिलं की अठराव्या चालीला ॲन्डरसनकडे अधिक भक्कम पर्याय होते. म्हणजे सर्वांत देखणी चाल सर्वांत चांगली नव्हती. तेव्हा याची फारशी कुणाला खंत नव्हती. समोरच्याने देऊ केलेलं प्यादं न घेणं भित्रेपणाचं मानलं जाई, त्यामुळे बचावाची कलाही कच्ची होती. १८७६ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत सर्वांत चमकदार डावासाठी वेगळं बक्षीस ठेवलं गेलं आणि ते हेन्री बर्डने जेम्स मेसनविरुद्धच्या डावासाठी मिळवलं. 'ब्रिलियन्सी प्राइझ'ची प्रथा तिथून रुळली आणि चमकदारपणाला परीक्षक मिळाले.

पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याने या चवीला शिस्त लावली. हल्ला हवा तेव्हा करता येत नाही, स्थितीत आधी तोल झुकलेला असावा लागतो, हे त्याचं म्हणणं. गंमत अशी की चमकदार चालीचा एक सर्वोत्तम नमुना त्याच्याच नावावर आहे. १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कुर्ट फॉन बार्डेलेबेनविरुद्ध त्याने हत्तीने सातव्या रांगेत राजाच्या अगदी शेजारी घुसून शह दिला. तो हत्ती राजाने मारला तरी डाव जातो, वजिराने मारला तरी जातो. पुढच्या काही चाली तो त्याच रांगेत सरकत शह देत राहिला आणि कुणालाच त्याला हात लावता आला नाही. बार्डेलेबेन हार न मानता सभागृहातून निघून गेला. त्या डावाला सौंदर्याचं पहिलं बक्षीस मिळालं. इथे बळी दाखवायला दिलेला नव्हता, तो स्थितीतूनच निघाला होता.

रुडॉल्फ श्पीलमान या व्हिएन्नाच्या खेळाडूने १९३५ मध्ये नेमका हाच धागा पकडला. त्याने बळींचे दोन गट केले: खोटे आणि खरे. खोट्या बळीत फायदा शेवटपर्यंत मोजून दाखवता येतो. ती एका अर्थाने उधारीच असते, चार चालींत वसूल होणारी. खऱ्या बळीत मोहरा जातो आणि मोबदल्याचा हिशेब पूर्ण मांडता येत नाही, तिथे खेळाडूला आपल्या जाणिवेवर विसंबावं लागतं. या विषयावर इतकं नेमकं क्वचितच कुणी बोललं असेल.

या फरकाने फ्रँक मार्शलच्या प्रसिद्ध चालीकडे बघा. ब्रेस्लाऊ, १९१२, लेवित्स्कीविरुद्ध. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या मार्शलने वजीर जी-३ या घरात ठेवला. तो दोन प्याद्यांच्या आणि विरोधी वजिराच्याही तोंडात. तिन्हीपैकी कशानेही मारला तरी पांढरा हरतो. प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली, असं पुढे मार्शलनेच सांगितलं, त्यावर मतभेद आहेत. चाल नेत्रदीपक आहे, पण त्या क्षणी काळ्याचं पारडं आधीच जड होतं. श्पीलमानच्या भाषेत हा खोटा बळी. माझ्या लेखी गॅरी कास्पारोव्हने १९९९ मध्ये वाइक आन झी इथे वेसेलिन तोपालोव्हविरुद्ध दिलेला हत्ती याहून वरचा ठरतो. तोपालोव्हने तो घेतला आणि त्याचा राजा पटभर हाकलला जाऊन पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत पोहोचला. हत्ती न घेता राजा हलवला असता तर तो तगला असता, हे नंतर सिद्ध झालं. तरीही त्या चालीची उंची कमी होत नाही, कारण घड्याळ चालू असताना इतक्या दूरचं पाहणं हाच तिचा गाभा आहे.

दरम्यान चिन्हांचीही घडी बसली. १९६६ पासून बेलग्रेडहून निघणाऱ्या 'इन्फॉर्मेटर' या डावांच्या संग्रहाने कुठल्याही भाषेच्या वाचकाला कळतील अशी चिन्हं रूढ केली.

आणि मग अशा चाली आल्या ज्यांना बळीची चौकट पुरत नाही. १९९१ मध्ये टिलबुर्ग इथे नायजेल शॉर्टने यान टिमानविरुद्ध पटावर वजीर-हत्ती असताना आपला राजा एकेक घर चालवत थेट शत्रूच्या राजाकडे नेला. एकही मोहरा दिला नाही. असा शांत राजा 'ब्रिलियंट'च्या आजच्या व्याख्येत कुठे बसवायचा?

१९९८ मध्ये लिनारेसला अलेक्सेई शिरोव्हने तोपालोव्हविरुद्ध जे केलं ते मला या सगळ्यांत थोर वाटतं. अंत्यखेळ होता, दोघांकडे एकेक उंट, तेही विरुद्ध रंगांचे, म्हणजे बरोबरीची पाठ्यपुस्तकी स्थिती. शिरोव्हने सत्तेचाळिसाव्या चालीला आपला उरलेला एकमेव उंट एच-३ घरात प्याद्यापुढे फेकला. हल्ला नव्हता, मात जवळपास नव्हती. उंटाने घर मोकळं केलं आणि त्याच वेळी प्याद्यावर नजर ठेवून प्रतिस्पर्ध्याला चाल खर्चायला लावली. तेवढ्या एका चालीच्या फरकाने शिरोव्हचा काळा राजा आपल्या प्याद्यांजवळ आधी पोहोचला. अंत्यखेळात मोहरा सांभाळायचा हे शाळकरी वयापासून अंगात भिनलेलं असतं, म्हणून ही चाल सापडायला डोळ्यांची सवयच मोडावी लागते. त्या काळच्या संगणकांनाही ती सहज दिसली नाही.

चाल नवी असावी, हीही एक सर्रास अपेक्षा. तिला उत्तर म्हणून विश्वनाथन आनंदचा २०१३ चा डाव घ्यावा. जानेवारीत वाइक आन झीमध्ये लेव्हॉन ॲरोनियनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने आधी उंट आणि लगेच घोडा प्याद्यांच्या माऱ्यात ठेवला. हत्तीही घेऊ दिला. ॲरोनियनने तो घेतला आणि तेविसाव्या चालीनंतर डाव सोडला. जाणकारांना लगेच १९०७ चा लोड्झमधला डाव आठवला. तिथे रुबिनस्टाइनने रॉटलेविविरुद्ध वजीर मारात असताना हत्ती देऊन राजावर असेच दोन उंट रोखले होते आणि पंचविसाव्या चालीला डाव संपवला होता. आनंदनेही रुबिनस्टाइनचा उल्लेख केला. सुरुवातीच्या कल्पना घरच्या तयारीतल्या होत्या, म्हणून काहींनी त्याचं श्रेय कमी लेखलं. पण रुबिनस्टाइनचा डाव शंभर वर्षांहून अधिक काळ सगळ्यांच्याच समोर होता. तो त्या दिवशी, त्या स्थितीत, घड्याळ चालू असताना ओळखला आनंदने.